'जोशी म्हणून एक जण आले होते' : जपानीतला 'तो' मराठीच्या अंगानं

'तुम्ही नव्हता तेव्हा जोशी म्हणून एक जण आले होते.' या वाक्यातल्या 'म्हणून'कडे जरा बघा. इथे तो कारण सांगत नाही. 'जोशी असं ज्यांना म्हणतात ते' एवढाच त्याचा अर्थ. जपानीत नेमकं हेच काम 'तो' नावाचं एक इटुकलं अव्यय करतं. नाव सांगायचं असो, कोण काय म्हणालं ते सांगायचं असो, पाटीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवायचं असो की मनातला विचार बोलायचा असो, सगळीकडे हाच 'तो'.

बहुतेक जण हे व्याकरण इंग्रजीतून शिकतात आणि उगाच अडखळतात. मराठी माणसाला याची अर्धी वाट आधीच चालून झालेली असते.

लिपीबद्दल दोन शब्द. जपानी वाक्यं मी देवनागरीत देतोय. 'ओओ', 'इइ' असे जोडस्वर दिसले की तेवढं लांबवायचं. 'देसु', 'मासु' यांतला शेवटचा 'उ' बोलताना जवळपास गिळला जातो. 'म्हणणे' या क्रियापदाचं मूळ रूप काना या जपानी अक्षरलिपीत 'इउ' असं लिहितात, पण उच्चार 'यू' होतो, म्हणून मी 'यू' लिहिलंय. आणि आपलं सर्वनाम 'तो' इथे डोक्यातून काढून टाका, नाहीतर प्रत्येक वाक्यात कोणीतरी पुरुष उभा दिसेल.

आधी 'की' सोडा, 'असं' धरा

मराठीत दुसऱ्याचं बोलणं सांगायच्या दोन तऱ्हा आहेत. 'तो म्हणाला की मी उद्या येतो' ही एक. 'मी उद्या येतो असं तो म्हणाला' ही दुसरी. जपानीत फक्त दुसरी चालते. आधी बोललेला मजकूर, मग 'तो', मग क्रियापद:

आशिता किमासु तो इइमाशिता.
(उद्या येतो असं म्हणाला.)

संस्कृतातलं 'इति' आठवा, तेही मजकुराच्या शेवटीच येतं. कोल्हापूर-बेळगावकडच्या ज्यांच्या कानावर कानडी पडलेली असते त्यांना तिथला 'अंत' आठवेल. जागा तीच, काम तेच.

म्हणून पहिला आठवडा एकच सवय लावून घ्या. जपानी वाक्य जुळवण्याआधी मनातलं मराठी वाक्य 'असं'च्या साच्यात फिरवून घ्यायचं. 'मला वाटतं की पाऊस पडेल' हे आधी 'पाऊस पडेल असं मला वाटतं' करायचं. इतकं झालं की शब्द जवळजवळ त्याच क्रमानं उतरतात.

फरक फक्त श्वासाचा. मराठीत आपण मजकुरानंतर थांबतो आणि मग 'असं म्हणाला' एका दमात म्हणतो. जपानीत 'तो' मागच्या मजकुराला चिकटून येतो आणि थांबायचंच तर त्याच्यानंतर थांबायचं: 'आशिता किमासु तो… इइमाशिता.' चुकीच्या जागी थांबलात तरी समोरच्याला कळेल, पण वाक्य परकं वाटेल.

लिहिताना थेट उद्गार 「 」 अशा खुणांत ठेवतात, त्यांना कागिकाक्को म्हणतात. अवतरणाच्या आत अवतरण आलं तर 『 』. बोलताना या खुणा कुठल्या दिसायला! तिथे सगळी भिस्त 'तो'वर.

नाव सांगणं

सगळ्यात सोपा आणि पहिल्याच भेटीत लागणारा वापर:

जोशि तो इइमासु. (मला जोशी म्हणतात.)
जोशि तो मोओशिमासु. (तेच, नम्रपणे.)

नुसतं 'जोशि देसु' म्हटलं तरी काही बिघडत नाही. 'मोओशिमासु' मात्र पहिल्या भेटीत, मुलाखतीत किंवा फोनवर शोभून दिसतं. ते फक्त स्वतःबद्दल किंवा आपल्या माणसांबद्दल वापरायचं. समोरच्याचं नाव विचारताना आदराचं क्रियापद येतं:

ओनामाए वा नान् तो ओश्शाइमासु का?
(आपलं नाव काय म्हणायचं?)

नावापुढे आदरानं 'सान्' लावतात, ते स्वतःच्या नावाला लावायचं नाही. आपण स्वतःची ओळख 'मी जोशीसाहेब' अशी करून देत नाही, तसंच.

आता जोशांची एक गंमत. जपानी व्याकरणात 'तो', 'वा', 'गा' अशा अव्ययांना जे नाव आहे ते 'जोशि'. म्हणजे 'तो' हा स्वतःच एक जोशी. 'मुलगी, स्त्री' यासाठीही एक 'जोशि' आहे. आणि मराठी सवयीनं 'जो' लांबवलात तर 'जोओशि', म्हणजे वरिष्ठ, साहेब. पहिल्या दिवशी ऑफिसात 'जोओशि तो मोओशिमासु' म्हणणारा नवखा माणूस आपण साहेब असल्याचं जाहीर करतोय की काय, असं क्षणभर वाटू शकतं.

आपलं नाव जपानी तोंडातून कसं निघेल हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं. जपानीत ल आणि र वेगळे नाहीत, ळ तर नाहीच, आणि 'न्' सोडला तर व्यंजनाला स्वराची सोबत लागते. कुलकर्णी 'कुरुकारुनि' होतात, देशपांडे 'देशुपान्दे', लक्ष्मी 'राकुशुमि'. काळे आडनावाच्यांनी विशेष जपून राहावं. दोन्ही स्वर आखूड लिहिले तर 'कारे', म्हणजे 'तो पुरुष', आणि शेवटचा 'ए' तेवढा लांबवला तर 'कारेए', म्हणजे भातावर घेतात ती करी. परकी नावं ज्यात लिहितात त्या काताकाना लिपीत नाव लिहिताना स्वराची लांबी एकदा नीट ठरवा आणि कागदोपत्री सगळीकडे तीच ठेवा.

याला काय म्हणतात?

नवख्याला रोज उपयोगी पडणारी तीन वाक्यं. पाठच करून टाका.

कोरे वा निहोन्गो दे नान् तो इइमासु का?
(याला जपानीत काय म्हणतात?)

कोनो कान्जि वा नान् तो योमिमासु का?
(ही कांजी, म्हणजे चिनी वळणाचं हे अक्षर, कसं वाचतात?)

आसोको नि नान् तो काइते आरिमासु का?
(तिथे काय लिहिलंय?)

तिन्ही ठिकाणी 'नान् तो' तेच, फक्त क्रियापद बदलतं: म्हणणे, वाचणे, लिहिलेलं असणे. जपानमध्ये रस्त्यावर थांबण्याची पाटी लाल रंगाची, टोक खाली असलेल्या त्रिकोणाची असते. तिच्याबद्दल विचारलंत तर उत्तर येईल: 「तोमारे」 तो काइते आरिमासु, म्हणजे 'थांबा' असं लिहिलंय. अर्थ विचारायचा असेल तर:

「तोमारे」 वा दोओ यू इमि देसु का?
(तोमारे म्हणजे काय?)

या 'दोओ यू'मध्येही तोच 'यू' आहे. कोओ यू, सोओ यू, दोओ यू म्हणजे असा, तसा, कसा. उत्तरात 'तो यू इमि देसु' येतं, 'असा अर्थ आहे'.

'तो यू' : म्हणून, नावाचा

दोन नामांच्या मध्ये 'तो यू' घातलं की 'अमुक नावाचा तमुक' तयार होतो:

पुरान्पोरि तो यू ओकाशि (पुरणपोळी नावाचा गोड पदार्थ)
सातारा तो यू माचि (सातारा नावाचं गाव)
तानाका-सान् तो यू हितो (तनाका म्हणून एक जण)

पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामा शहरातल्या कोओराकुएन् या बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. तिथे भेटलेला ओकायामाचा पाहुणा तुम्हाला सांगेल, 'ओकायामा नि कोओराकुएन् तो यू निवा गा आरिमासु', ओकायामात कोओराकुएन् नावाची बाग आहे. तुम्हाला ती माहीत नसेल असं धरून तो 'तो यू' वापरतो. समोर जपानी माणूस असता तर बहुधा नुसतं 'कोओराकुएन्' म्हटलं असतं.

खरी मेख इथेच आहे. ऐकणाऱ्याला किंवा बोलणाऱ्याला ती गोष्ट ओळखीची नाही, हे 'तो यू' सुचवतं. हे मला अंगावर घेऊनच कळलं. एका कंपनीत दुभाष्याचं काम करत होतो. तिथल्या विभागप्रमुख बाईंचा निरोप जपानी पाहुण्यांना द्यायचा होता. नवीनच शिकलेला साचा वापरायची हौस, म्हणून मी बाईंच्या आडनावाला 'तो यू हितो' जोडलं. पाहुणे गोंधळले. आदल्याच संध्याकाळी ते त्यांच्याबरोबर जेवले होते. मराठीत ऐकून बघा: आपल्याच साहेबांबद्दल 'त्या अमुक म्हणून कोणी बाई आहेत, त्यांनी सांगितलंय' असं म्हटल्यावर कसं वाटेल? अगदी तसंच वाटलं. फोनवर अनोळखी माणूस आला तर मात्र हेच हवं, फक्त 'हितो'ऐवजी आदराचं 'काता':

तानाका-सान् तो यू काता कारा देन्वा गा आरिमाशिता.
(तनाका म्हणून कोणाचातरी फोन आला होता.)

'तो यू'च्या आधी पूर्ण वाक्यही बसतं: 'निहोन् ए इकु तो यू हानाशि', जपानला जाणार असं बोलणं. सुरुवातीला ओळखता आलं तरी पुरे.

दुसऱ्याचं बोलणं सांगणं

थेट उद्गार जसाच्या तसा ठेवता येतो: तानाका-सान् वा 「आशिता यासुमिमासु」 तो इइमाशिता. पण रोजच्या बोलण्यात मजकूर साध्या रूपात आणतात. 'मासु-देसु' ही अदबीची शेपटं काढायची आणि क्रियापदाचं शब्दकोशातलं रूप ठेवायचं:

तानाका-सान् वा आशिता यासुमु तो इइमाशिता.
(तनाका उद्या सुट्टी घेणार असं म्हणाले.)

अदब गेली असं वाटून घेऊ नका. ती शेवटच्या 'इइमाशिता'त आहे आणि तेवढी पुरते.

काळ बदलायचा नाही. हा आपल्यासाठी फुकटचा फायदा. इंग्रजीत बाहेरचं क्रियापद भूतकाळात गेलं की आतलंही ओढावं लागतं. मराठीत आपण 'आजारी आहे असं म्हणाला' म्हणतो, 'आहे'चं 'होता' करत नाही. जपानीतही 'ब्योओकि दा तो इइमाशिता'. यातला 'दा' म्हणजे 'देसु'चं साधं रूप, 'आहे'. 'ब्योओकि दात्ता तो' म्हटलंत तर 'आजारी होतो', म्हणजे आता बरा आहे असा अर्थ निघेल. इंग्रजी माध्यमातली मुलं इथे हमखास घसरतात. त्यांना सांगायचं, आजीसारखं बोल.

'दा'चा घोळ मात्र सगळ्यांचाच होतो. नाम आणि ज्यांना 'ना-विशेषणं' म्हणतात (नामाआधी 'ना' घेणारी) त्यांच्यानंतर 'तो'च्या आधी 'दा' लागतो: गाकुसेइ दा तो (विद्यार्थी आहे असं), किरेइ दा तो (सुंदर आहे असं). क्रियापद आणि 'इ-विशेषणं' ('इ'नं संपणारी) यांना लागत नाही: ताबेरु तो, ओइशिइ तो. 'ओइशिइ दा तो' हे चुकीचं, आणि तरीही परीक्षेत दर वर्षी कोणीतरी लिहितंच. 'किरेइ'च्या शेवटी 'इ' ऐकू येतो म्हणून फसू नका, ते ना-विशेषणच आहे. नकार सरळ असतो: गाकुसेइ जा नाइ तो, ओइशिकुनाइ तो, ताबेनाइ तो.

आता नावाकडे परत या. 'तानाका तो इइमाशिता' म्हणजे 'तनाका' हा शब्द उच्चारला किंवा नाव सांगितलं. 'तानाका दा तो इइमाशिता' म्हणजे 'हा तनाका आहे' असं विधान केलं. नाव ही नुसती चिठ्ठी, तिला 'आहे' लागत नाही. विधानाला लागतं.

'वा' कुठे आणि 'गा' कुठे? सांगणाऱ्याला 'वा', आतल्या वाक्यातल्या वेगळ्या कर्त्याला 'गा':

तानाका-सान् वा इमोओतो गा कुरु तो इइमाशिता.
(बहीण येणार असं तनाका म्हणाले.)

आतला कर्ता दिलाच नाही तर येणारे बहुधा तनाकाच. कोणाला सांगितलं ते 'नि'नं दाखवतात: सेन्सेइ नि … तो इइमाशिता. बोललेला मजकूर नसेल, नुसतं 'मित्राशी बोललो' म्हणायचं असेल तर 'तोमोदाचि तो हानाशिमाशिता'. हा 'तो' मात्र सोबतीचा, तो वेगळा.

'किकु' या क्रियापदात ऐकणं आणि विचारणं दोन्ही येतं. आत विधान असेल तर 'ऐकलं', प्रश्न असेल तर 'विचारलं'. 'कुरु तो किकिमाशिता' म्हणजे 'येणार असं ऐकलं', 'इत्सु कुरु का किकिमाशिता' म्हणजे 'कधी येणार ते विचारलं'. विचारण्यात 'का' आला की 'तो' बऱ्याचदा गळतो.

निरोप पोचवणं

एखाद्यानं काय सांगितलं ते तिसऱ्याला कळवायचं असेल तर 'इइमाशिता'पेक्षा 'इत्ते इमाशिता' बसतं. पहिल्यात 'म्हणाला' ही घडलेली गोष्ट, दुसऱ्यात 'म्हणत होता बरं का' असा निरोपाचा सूर.

हाहा गा योरोशिकु तो इत्ते इमाशिता.
(आईनं नमस्कार सांगितलाय.)

ऑफिसात आणखी एक पायरी चढावी लागते. बाहेरच्या माणसानं सांगितलेलं 'ओश्शात्ते इमाशिता'. आपल्या कंपनीतल्या माणसानं सांगितलेलं, तो कितीही मोठा साहेब असला तरी, बाहेरच्यांसमोर 'मोओशिते ओरिमाशिता', आणि त्याच्या नावाला 'सान्' नाही. मराठी मनाला हे जड जातं. आपण साहेबांना पाहुण्यांसमोरही साहेबच म्हणतो.

वाटणं आणि 'जावं म्हणतोय'

'ओमोउ' म्हणजे वाटणं, विचार करणं. साचा तोच:

आमे गा फुरु तो ओमोइमासु.
(पाऊस पडेल असं वाटतं.)

'ओमोइमासु' फक्त स्वतःच्या मनाबद्दल, किंवा समोरच्याला प्रश्न विचारताना. तिसऱ्या माणसाच्या मनाबद्दल बोलताना 'ओमोत्ते इमासु' म्हणायचं. 'मलाही असंच वाटतं' म्हणताना 'सोओ ओमोइमासु'. मध्ये 'तो' नको, कारण 'सोओ' म्हणजेच 'असं', आणि 'असं असं वाटतं' कोणी म्हणत नाही.

माझा सगळ्यात आवडता साचा हा:

निहोन् ए इकोओ तो ओमोत्ते इमासु.
(जपानला जावं म्हणतोय.)

'इकोओ' हे 'जाऊ या, जावं' अशा इच्छेचं रूप. मराठीत आपण इथे 'म्हणतोय' वापरतो, जपानी 'वाटतंय' वापरतात. पण दोघंही मनातला बेत आधी उद्गारासारखा मांडतात आणि मग त्याला शेपूट जोडतात. इंग्रजीतून हे समजावताना शिक्षकांचा अर्धा तास जातो. मराठीत दोन शब्द पुरतात.

'त्ते' म्हणजे 'म्हणे'

मित्रमंडळीत 'तो'चं 'त्ते' होतं. 'कोरेत्ते नानि?' म्हणजे 'हे काय असतं?' 'नान्ते इत्ता?' म्हणजे 'काय म्हणालास?' इथे 'न्'नंतरचं जोडाक्षर साधं झालंय. आणि वाक्याच्या शेवटी नुसतं 'त्ते' ठेवून दिलं तर:

तानाका-सान्, कोनाइत्ते.
(तनाका येत नाहीयेत म्हणे.)

क्रियापद गायब, सांगणारा गायब, उरलं फक्त 'म्हणे'. वरिष्ठांसमोर हे वापरू नका. तिथे पूर्ण 'तो इत्ते इमाशिता' म्हणा.

हातावर घेऊन बघा

खालची वाक्यं आधी स्वतः करा, उत्तर झाकून.

याला मराठीत विळी म्हणतात.
कोरे वा मारातीगो दे 「बिरि」 तो इइमासु. ('व' आणि 'ळ' दोघांचा निरोप घ्या.)

सातारा नावाच्या गावाहून आलो.
सातारा तो यू माचि कारा किमाशिता.

ताई उद्या येणार नाही असं म्हणाली.
आने वा आशिता कोनाइ तो इइमाशिता. (इथे 'कोमासेन् तो' आलं असेल तर साध्या रूपाकडे परत जा.)

परीक्षा अवघड आहे असं वाटतं.
शिकेन् वा मुझुकाशिइ तो ओमोइमासु. ('दा' घातलात? काढा.)

परीक्षा सोपी आहे असं वाटतं.
शिकेन् वा कान्तान् दा तो ओमोइमासु. ('कान्तान्' ना-विशेषण आहे. इथे 'दा' हवाच.)

गाडी लेट आहे म्हणे.
देन्शा, ओकुरेतेरुत्ते.